चाकातले अकरा काटे

सायकल मुळात आमच्या ह्यांची. पन्नाशी आली, साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालायला काहीच विकत आणावं लागत नाही, म्हणूनच बहुधा ते ह्यांना पटलं नाही. त्यांनी एकदम डोंगरात चालवायची सायकल आणली. जाड खरबरीत टायर, पुढच्या चाकाला शॉकअप, आणि इतके गिअर की मोजता मोजता माणूस घरी परत यावा. रायपुरात डोंगर कुठे आहे असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू पाह्य तर खरं." मी पाहिलं. चार रविवार सायकल चालली, पाचव्या रविवारी गुडघा धरला, आणि सहाव्या रविवारपासून तिच्या हँडलवर टॉवेल वाळायला लागले.

मला वस्तू पडून राहिलेली बघवत नाही. एका सकाळी मी ते टॉवेल रागारागाने ओढून काढले, सायकल लिफ्टमध्ये उभी कोंबली आणि खाली नेली. शेवटची सायकल कॉलेजात असताना चालवली होती, त्याला तीस वर्षं होत आली. तेलीबांध्याच्या तळ्याला एक चक्कर मारावी म्हणून निघाले आणि तीन मारल्या. तिसऱ्या चकरेत सलवारीचा पाय साखळीत गेला आणि मी गवतावर आडवी झाले. फिरायला आलेल्या दोन काकांनी "अरे भाभीजी, सम्हलके" करत मला उचललं. सलवार घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फाटली होती. मी मात्र घरी हसत हसत आले. इतकं हसू मला दोन वर्षांत आलं नव्हतं.

दोन वर्षं म्हणते, कारण तेवढ्याच काळापूर्वी माझ्या सासूबाई गेल्या होत्या. माझा आवाज मोठा आहे आणि त्यांचाही काही कमी नव्हता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भाजीत मीठ पडलं का एवढंच बोलायला लागलो तरी बाहेरच्याला भांडण वाटायचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून हसायचे. आयुष्य रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात गेलेलं. मालगाडीचे डबे तपासायचे, कोणता डबा 'फिट' आणि कोणता 'सिक' ते ठरवायचे आणि खडूने तसं लिहायचे. घणाच्या आवाजात राहिलेल्या माणसाला आमच्या आवाजाचं काय!

सासूबाई गेल्या आणि घर एकदम हळू बोलायला लागलं. त्याच सुमारास आम्ही बूढ़ापाऱ्यातलं भाड्याचं घर सोडून तेलीबांध्याच्या या फ्लॅटमध्ये आलो. इथे मामाजींच्या ओळखीचं कोणी नव्हतं. ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. आम्ही त्यांच्याशी दवाखान्यात बोलतात तसं बोलायचो. चहा ठेवू का, पंखा कमी करू का, राहू द्या, तुम्ही बसा, मी करते. ते मान हलवायचे. एकेक दिवस असा जायचा की त्यांचा आवाज म्हणून ऐकूच यायचा नाही. मला ते सलत होतं, पण काय करावं ते कळत नव्हतं.

तर सलवार फाटली आणि कपड्यांचा प्रश्न आला. मी सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार तिशीतला. आधी मला आंटी म्हणाला. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग दीदी म्हणाला आणि शेवटपर्यंत दीदीच म्हणाला.

हेल्मेट घ्यायला तासभर लागला, कारण माझा अंबाडा. सगळ्या हेल्मेटांनी गृहीत धरलं होतं की डोक्याच्या मागे केस नसतातच. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, तेव्हा कुठे ते नीट बसलं. दुकानदाराने कपाळावर दोन बोटं आडवी ठेवून दाखवली. हेल्मेट भुवयांच्या वर एवढंच हवं, मागे सरकलेलं हेल्मेट म्हणजे लग्नातला फेटा, शोभेपुरता. हातमोजे मला चोचले वाटत होते. पण गवतावर पडताना मी तळहातच टेकले होते आणि ते अजून चुरचुरत होते, म्हणून मुकाट्याने घेतले. गॉगल घेतला तो पांढऱ्या काचेचा. ऊन लागू नये म्हणून नाही, चिलटं आणि ट्रकची धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून. भनपुरीकडून येणारा एक ट्रक शेजारून गेला की पापण्यांवर किती धूळ बसते ते रायपूरकरांना सांगायला नको.

राहिली ती आतून गादी शिवलेली चड्डी. ती कशी वापरायची हे दुकानदाराने छताकडे पाहत सांगितलं. "इसके अंदर दीदी... मतलब... और कुछ नहीं पहनना होता." त्याचे कान लाल झाले होते. मी पण छताकडेच पाहिलं आणि म्हटलं, "पॅक कर दो भैया." वरून घालायला ढगळ, घोट्याला आवळलेली पँट घेतली. ती चड्डी पहिल्यांदा दोरीवर वाळत घातली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "कमर का पट्टा है क्या? कौन से डॉक्टर ने दिया?" मी म्हटलं, हो, फार गुण आहे. पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा डॉक्टरचं नाव विचारलं.

हा सगळा जामानिमा करून मी पहिल्यांदा हॉलमध्ये आले तेव्हा हे सोफ्यावर हसून हसून आडवे झाले. म्हणाले, "चंद्रावर चालली का?" मामाजी हसले नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर माझ्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर थांबली.

"तळवा कडक पाह्यजे," ते म्हणाले. "पायडलवर मऊ तळवा दुमडते. पाय दुखन."

त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं वाक्य असेल. मी दुसऱ्या दिवशी कडक तळव्याचे बूट आणले.

आता चाकांचं. या सायकलच्या टायरमध्ये ट्यूब नसते. टायर रिमला घट्ट बसतो, आत हवा असते आणि कपभर पांढरा चीक असतो, रुईचा असतो तसा. बारीक भोक पडलं की चीक तिथे धावतो, बाहेरच्या हवेत सुकतो आणि भोक बंद होतं. दुकानदाराने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, दर दोन महिन्यांनी चीक बघायचा, कारण इथल्या उन्हाळ्यात तो आतल्या आत सुकून जातो. दुसरी, टायरमध्ये काटा रुतलेला दिसला तर घाईने उपटायचा नाही. तोच त्या भोकाचं झाकण असतो. काढायचाच तर आत ताजा चीक असताना, एकेक करून, चाक फिरवत काढायचा. मी "हव, हव" म्हटलं. पहिली गोष्ट विसरले. दुसरी लक्षात ठेवली, पण घरात कोणाला सांगितली नाही. सांगायचं कोणाला, आणि कशाला, असं मला वाटलं.

काटे मात्र भरपूर मिळायचे. नवा रायपूरचे रस्ते रुंद आणि गुळगुळीत आहेत, पण मला ते दहा मिनिटांत कंटाळवाणे झाले. रस्ता सोडून आत वळलं की मुरमाच्या पायवाटा लागतात, धानाच्या शेतांचे बांध लागतात आणि बांधांवर बाभळी. मी दर रविवारी तिकडे जायला लागले. वाटेत माझ्यासारख्याच दोघी भेटल्या, एक बँकेतली आणि एक शाळेतली, दोघी हिंदी बोलणाऱ्या. आमची तिघींची टोळी जमली. पावसाळा चिखलात गेला, दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सासूबाई होत्या तेव्हा पाटावर विळी, कात्री, मामाजींचा हातोडा आणि पाने मांडले जायचे. त्या वर्षी मी म्हटलं, सायकलही ठेवायची. सायकल धुतली, हॉलमध्ये पाटाशेजारी उभी केली, खाली रांगोळी काढली आणि झेंडूचा हार ओवायला आत गेले. हे बाजारात गेले होते. मामाजी तिथेच खुर्चीवर बसले होते.

पाच मिनिटांनी फिस्स, फिस्स असा आवाज यायला लागला. मला वाटलं कुकर. कुकर तर बंद होता.

बाहेर येऊन पाहते तर मामाजी जमिनीवर मांडी घालून बसलेले, हातात चिमटा, नाकावर चष्मा, आणि मागच्या चाकातून पांढऱ्या चिकाच्या चिळकांड्या चारी बाजूंना उडताहेत. रांगोळीवर, विळीवर, पाटावर, त्यांच्या चष्म्यावर. ते एका भोकावर बोट ठेवायचे तर दुसऱ्यातून उडायचं. शेजारी कागदावर काटे ओळीने मांडून ठेवलेले होते. अकरा. मी पाहता पाहता टायर खाली बसला.

आज आठवलं की मला हसू आवरत नाही. तेव्हा मी ओरडले. माझा तो ठेवणीतला आवाज, जो दोन वर्षं मी गिळून ठेवला होता, तो सगळा बाहेर आला.

"काय करून ठेवलं हे? कोणी सांगितलं होतं हात लावायला? माहीत नाही तर विचारायचं ना!"

मामाजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. "देवापुढं ठेवाचं म्हून," ते म्हणाले. "काट्यासकट कसं ठेवाचं?" मग गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले आणि आपल्या खोलीत गेले.

मी तिथेच हार हातात घेऊन उभी. दोन वर्षांत या माणसाने आपणहून हातात घेतलेलं हे पहिलं काम, आणि मी ते त्यांच्या हातून असं हिसकावलं. पूजा झाली. ते आले, नमस्कार केला, गेले. दुसऱ्या दिवशी सोनं दिलं, मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पण 'मामाजी, चुकलं माझं' एवढे तीन शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. आमच्या घरात सुना पाया पडतात, माफी मागायची पद्धत नाही. शिवाय ओरडायला माझी जीभ जितकी तयार, तितकी ती या कामाला नाही.

त्यानंतर खिडकीतली खुर्चीही रिकामी राहायला लागली. मामाजी खोलीतच बसायचे. मी एकदा चाक घेऊन त्यांच्या दाराशी गेले आणि म्हटलं, "जरा पाहता का, हे भोकं कुठंकुठं आहेत?" ते पेपरमधून वर न पाहता म्हणाले, "मले नाही समजत त्यातलं. दुकानात ने."

दुकानात न्यायला हरकत नव्हती. पण मी नेलं नाही. मी दुकानातून चिकाची बाटली, इंजेक्शनसारखी मोठी पिचकारी आणि पायाने दाबून धरायचा पंप आणला, आणि रविवारची राइड सोडून हॉलच्या मधोमध, त्यांच्या उघड्या दारासमोर पसारा मांडला. चाक खोललं. टायर एका बाजूने उचलला. आत जुना चीक सुकून वाळल्या सायीसारखा चिकटला होता, तो बोटांनी सोलून काढला. टायरला अकरा बारीक भोकं, त्यातली दोन जरा मोठी. त्यांना आतून ठिगळं लावली. टायर परत बसवला. आता पंप मारायचा आणि टायरची कड रिमच्या खाचेत जाऊन बसायला हवी. दुकानदार हे काम बोलता बोलता करतो.

मी पंप मारला. हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. पुन्हा मारला. घामाने डोळे चुरचुरायला लागले. ह्यांनी येऊन शंभर पंप मारले, गुडघा धरला आणि गेले. मी कपाळ पुसलं आणि खरंच रडकुंडीला आले. यात नाटक काहीच नव्हतं.

"साबण लाव," खोलीतून आवाज आला.

मी साबणाचं पाणी आणून कडेला लावलं. पंप मारला. फुसफुस झाली, बुडबुडे आले, कड काही बसेना.

"आतमधली सुई काढली का तोंडातली?"

नव्हती काढली. हवा भरायच्या तोंडात एक बारीक खिळी असते. ती काढली की हवा एकदम भसकन आत जाते. मी काढली. तरी नाही.

मग मामाजी बाहेर आले. हातात त्यांच्या जुन्या पलंगाची नवार होती. ती पट्टी त्यांनी टायरच्या बाहेरून, मधोमध, कंबरपट्ट्यासारखी गुंडाळली आणि गाठ मारली. मग म्हणाले, "लाटणं आण." मी लाटणं आणलं. त्यांनी ते गाठीत अडकवून पिळलं. नवार आवळली तसा टायर मधून दबला आणि त्याच्या दोन्ही कडा फाकून रिमला जाऊन टेकल्या.

"भनपुरीत ट्रकवाले असंच करत," ते म्हणाले. "आता मार. दमानं नको, जोरात."

मी जोरात मारला. सात-आठ दणके. टप्प्! मग दुसऱ्या बाजूने टप्प्! मी इतकी दचकले की पंप सोडून मागे सरले. मामाजींनी नवार सोडली, चाकावर हात फिरवला, सगळीकडून कड सारखी बसली का ते बोटाने चाचपलं. मग पिचकारीने चीक आत सोडला, खिळी लावली, हवा भरली आणि चाक कानाशी धरून आडवं-उभं हलवलं. आत चीक खळखळला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आवाज चांगला आहे," ते म्हणाले.

तेव्हा माफी मागायला हवी होती. नाही मागितली. "चहा करते," मी म्हणाले आणि आत पळाले.

त्या दिवसापासून चाकांचा कारभार मामाजींकडे गेला. मी दिला नाही, त्यांनी घेतला. दिनदर्शिकेवर चीक घालायच्या तारखा पडल्या. शनिवारी संध्याकाळी ते चाक हलवून ऐकायचे, टायरवर अंगठा दाबून हवा पाहायचे. पंपाला काटा आहे, तो आकडा दाखवतो, पण त्यांचा अंगठा आधी बोलायचा आणि काटा मग कबूल करायचा. मुरमावर जायचं तर हवा जरा कमी, म्हणजे टायर दगडाला धरतो. डांबरावर जायचं तर जास्त. तपासून झालं की टायरवर खडूने लिहायचे, 'फिट'. तो शब्द पहिल्या चिखलात पुसला जायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचा. दुकानातल्या मुलाशी फोनवर त्यांचा वादही व्हायला लागला. चीक कोणत्या कंपनीचा बरा यावर दोघं पाऊण तास बोलायचे, आणि फोन ठेवताना मामाजी म्हणायचे, "पोट्टा हुशार आहे, पण ऐकत नाही."

माझ्या मनात मात्र ती खंडेनवमी तशीच होती. त्यांच्या जवळ जाऊन बसले की शब्द ओठांवर यायचे आणि मी काहीतरी भलतंच बोलायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिघी लांब गेलो. धान कापून झालं होतं, शेतं मोकळी होती, थंडी अशी की हातमोज्यांतही बोटं आखडलेली. गावाबाहेरच्या एका तळ्याच्या पाळीवरून उतरताना माझं मागचं चाक एका धारदार दगडावर गेलं. खाली उतरून पाहिलं तर टायरला चांगली नखभर चीर. चीक उडत होता, पण चीर मोठी, तो काही तिला पुरेना.

बँकेतली म्हणाली, "भाईसाहब को फोन कर दो, कार लेकर आ जाएँगे." शाळेतलीने तर लोकेशन पाठवायला फोन हातात घेतलाही. त्यांचं बरोबर होतं. ह्यांची गाडी अर्ध्या तासात आली असती.

मी मामाजींना फोन लावला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"टायर फाटला, मामाजी. चीर आहे. काय करू?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मले फोन केला तू? पोट्ट्याले नाही?"

"त्याला काय कळतं यातलं?"

ते म्हणाले, "फोन चाकापाशी धर." मी धरला. तिथे आम्ही तिघी पाळीवर वाकलेल्या, एक म्हैस आमच्याकडे बघत उभी, आणि मामाजी तेलीबांध्यातून माझ्या चाकाचं ऐकताहेत.

"फुस्स येऊन राहिलं. म्हणजे चीर आडवी आहे. पिशवीतली रबराची वात काढ, ते दाभणासारखं हत्यार काढ. वात त्यात ओव. आता भोकात घाल."

"जात नाही."

"जाते. तुह्यात जोर कमी आहे का? सासूले तर ऐकत नव्हती कधी."

शाळेतलीला मराठी कळत नव्हती, पण माझा चेहरा पाहून ती हसायला लागली. मी दात-ओठ खाऊन हत्यार दाबलं. वात अर्धी आत गेली. हत्यार झटक्याने बाहेर काढलं, वात आतच राहिली.

"आता चीर खाली येईल असं चाक फिरव. चीक तिथं जमू दे. शंभर मोज."

आम्ही तिघींनी मोठ्याने शंभर मोजले, मी मराठीत आणि त्या दोघी हिंदीत, म्हणून कोणाचेच आकडे जुळले नाहीत. म्हैस निघून गेली. मी हवा भरली आणि फोन पुन्हा चाकाशी नेला. चाक गप्प होतं.

"फिट आहे," मामाजी म्हणाले. "चाल. इतक्यात घरी येऊ नको, पुढं जाऊन ये."

आम्ही पुढे गेलो. पाळीवरून खाली, मुरमाच्या उतारावरून, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचा वास, तळ्यात बगळे. मी उतारावर ओरडत होते, नुसतंच, आनंदाने. हेल्मेटमधून वारा वेणीत शिरत होता. पन्नास वर्षांची बाई असं ओरडते का, असं कोणाला वाटलं असेल तर वाटो.

घरी आले तेव्हा मामाजी खाली, पार्किंगमध्ये उभे होते. बादली, फडकं आणि बसायला पाटही आणून ठेवला होता. ते आपणहून लिफ्टने खाली कधी आले होते मला आठवत नाही. त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली, आडवी केली आणि चीर शोधून काढली. वातीचं बाहेर आलेलं टोक ब्लेडने कापलं. ओल्या फडक्याने चाक पुसायला लागले. मी हेल्मेट काढून त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले. आणि मग, कसं कोण जाणे, बोलले.

"मामाजी, खंडेनवमीला मी तुमच्यावर ओरडले. चुकलं माझं."

ते पुसत राहिले. पूर्ण चाक पुसून होईपर्यंत पुसलं.

"ओरडली तर ओरडली," ते म्हणाले. "चांगलीच ओरडली."

"हो."

"तुही सासू गेली तवापासून माह्यावर कोणी ओरडलं नव्हतं, सूनबाई. चहा सांडला तरी काही नाही, काही नाही. भिंतीले बोलल्यासारखे हळू बोलून राहिले सारे. मले वाटे, आपण बी गेलोच आहो, फक्त कोणी सांगून नाही राहिलं." त्यांनी फडकं पिळलं. "तू ओरडली तवा समजलं का अजून आपल्याच्यानं काम बिघडू शकते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हातमोजा लावला डोळ्यांना, त्याला चीक लागलेला होता, सगळं आणखीनच झोंबलं.

"मग इतके दिवस खोलीत काहून बसले होते?" मी विचारलं.

"राग आला होता न तुहा," मामाजी म्हणाले. "दोन वर्षांनं आला होता. एवढ्या लवकर कसा सोडाचा?"

मी रडता रडता हसायला लागले. हसू थांबल्यावर विचारलं, वर जाऊन चहा करू का, की राग अजून बाकी आहे?

"चहा कर," ते म्हणाले. "राग बाकी आहे."